अ‍ॅलगॅश की ओमेगँग? घरी कायम ठेवायला बेल्जियन धाटणीची कोणती बिअर घ्यावी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणारा बिअरप्रेमी आयपीए या कडवट बिअरला कंटाळला की कधी ना कधी बेल्जियन धाटणीकडे वळतो. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना ही चव अगदीच परकी नसते. तिकडच्या मायक्रोब्रुअरीत 'विट' म्हणून मिळणारी, धण्याचा आणि संत्र्याच्या सालीचा वास असलेली गव्हाची बिअर याच घराण्यातली. बिरा ९१ ची व्हाइटसुद्धा त्याच वाटेवरची, आणि २०१५ मध्ये ती भारतात आली तेव्हा बेल्जियममध्येच बनून येत होती. त्यामुळे प्रश्न 'ही बिअर आवडेल का' असा नसतो. प्रश्न असतो तो इथल्या कोणत्या ब्रुअरीची आणून ठेवावी हा.

न्यू जर्सीत राहून मी हा निर्णय माझ्यापुरता केला आहे. शेवटी नावं दोनच उरली: मेन राज्यातली अ‍ॅलगॅश आणि न्यूयॉर्क राज्यातली ओमेगँग. बाकीच्या ब्रुअरी कमी प्रतीच्या आहेत असं मुळीच नाही. कॅलिफोर्नियातली रशियन रिव्हर द्राक्षमद्याच्या पिंपांत मुरवून ज्या आंबट बिअर काढते, त्यांना तोड नाही. त्यांची सप्लिकेशन तर पिनो न्वार वाइनच्या पिंपांत आंबट चेरी घालून मुरवतात. पण ती माझ्या भागातल्या दुकानांत मला दिसत नाही, आणि जी मिळत नाही ती घरी कायमची ठेवणार कशी? कोलोरॅडोतल्या न्यू बेल्जियमने १९९१ पासून अमेरिकेला ही चव लावली. बेल्जियममधल्या रोडेनबाख ब्रुअरीत काम केलेले पीटर बुकार्ट १९९६ मध्ये तिथे आले, तेव्हापासून त्यांची आंबट बिअरही नावाजली गेली. आज मात्र त्यांचे जे खोके दुकानात रचलेले असतात, ते बहुतेक आयपीएचे. आणि मॅसॅच्युसेट्समधली स्पेन्सर, म्हणजे अमेरिकेतली पहिली ट्रॅपिस्ट ब्रुअरी, जी मठातले साधू स्वतः चालवत, ती २०२२ मध्ये बंद झाली. तिचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर आता या दोघींबद्दल. दोघींचा पिंड मुळात वेगळा आहे.

ओमेगँग जन्मापासूनच बेल्जियमशी बांधलेली. डॉन फाइनबर्ग आणि वेंडी लिटलफील्ड हे जोडपं बेल्जियन बिअर अमेरिकेत आयात करायचं. त्यांनी १९९७ मध्ये बेल्जियन भागीदारांना सोबत घेऊन कूपर्सटाउनजवळ ही ब्रुअरी उभी केली. त्या भागीदारांपैकी डुव्हेल मूर्टगाटने २००३ मध्ये ती पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतली. जागा १३६ एकरांची, आणि पूर्वी तिथे हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची, शेती होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या हॉप्सचा मोठा वाटा न्यूयॉर्क राज्यातून यायचा. पुढे रोग आणि कीड पडली, मग दारूबंदी आली आणि ती शेती बसली. अशा जमिनीवर बेल्जियन वाड्यासारखी ब्रुअरी बांधायची, ही कल्पनाच मला फार आवडते.

ओमेगँगचा हात मसाल्यात मोकळा आहे. अ‍ॅबी एलमध्ये ज्येष्ठमध आणि चक्रीफूल, हेनेपिनमध्ये आलं. थ्री फिलॉसॉफर्समध्ये तर क्वाड्रुपल या गडद, जोरकस बिअरला बेल्जियमच्या लीफमान्सच्या चेरी बिअरची थोडी जोड दिलेली असते. या बिअर जोरकसही आहेत: हेनेपिनमध्ये अल्कोहोल ७.७ टक्के, अ‍ॅबी एल ८ टक्क्यांच्या पुढे, थ्री फिलॉसॉफर्स ९.७. त्यांची विटही आहे आणि ती चांगलीच आहे. पण ओमेगँग घ्यायची ती विटसाठी नव्हे, असं माझं मत.

अ‍ॅलगॅशचं उलट. तिचा डोलारा एकाच बिअरवर उभा आहे. रॉब टॉड आधी व्हरमाँटमधल्या ओटर क्रीक ब्रुअरीत काम करायचे. १९९५ मध्ये त्यांनी पोर्टलंडमध्ये स्वतःची ब्रुअरी काढली आणि पहिली बिअर काढली ती व्हाइट, म्हणजे विट धाटणीचीच. त्या काळी अमेरिकन गिऱ्हाइकाच्या लेखी गढूळ बिअर म्हणजे नासलेली बिअर. ही धाटणी खुद्द बेल्जियममध्येही जवळपास संपली होती. पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये हूगार्डनमध्ये ती पुन्हा सुरू केली नसती, तर आज आपल्याला ती बहुधा माहीतच नसती. पुढे सेलिस टेक्सासातल्या ऑस्टिनला आले, १९९२ मध्ये त्यांनी तिथे ब्रुअरी काढली, नंतर एका मोठ्या कंपनीचे पैसे घेतले आणि २००० पर्यंत ती ब्रुअरी बंदही पडली. टॉड मात्र आपल्या एका गढूळ बिअरला धरून राहिले. सुरुवातीची वर्षं खप फारसा नव्हता. आज त्यांचं बहुतेक उत्पादन व्हाइटचंच असतं.

अ‍ॅलगॅशमध्ये बाकी काही होत नाही असं मात्र समजू नका. २००७ मध्ये त्यांनी कूलशिप बसवली. म्हणजे रुंद, उथळ, उघडं पात्र. त्यात गरम वर्ट (बिअर होण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) रात्रभर थंड होऊ द्यायचं आणि हवेतल्या यीस्टला आपलं काम करू द्यायचं, लांबिक या बेल्जियन बिअरच्या पद्धतीने. मेनच्या थंडीत हे करायचं धाडस अमेरिकेत त्यांनी फार लवकर केलं. शिवाय बर्बनच्या पिंपांत मुरवलेली क्युर्यू आहे. या सणासुदीच्या गोष्टी झाल्या, रोजची ती व्हाइटच.

जेवणाबरोबर दोन्ही उत्तम जातात, पण वेगवेगळ्या जेवणाबरोबर. आपल्याकडचं तिखट घेतलं तर ५.२ टक्क्यांची व्हाइट जास्त सोसते. तळलेली सुरमई, कोळंबीचं सुकं, अगदी थोडं जास्त तिखट झालेलं कालवणसुद्धा ती सांभाळून घेते. कडवटपणा कमी, फसफस भरपूर, धण्याचा वास आपल्या वाटणाशी लगेच जुळतो. जोरकस बिअर तिखटाबरोबर मला अवघड जाते. अल्कोहोल वाढलं की मिरची जिभेवर जास्त जळते. म्हणून हेनेपिन मी तांबड्या रश्श्याबरोबर देणार नाही. काळ्या मिरीचं आणि आल्याचं सुकं मटण असेल तर मात्र हेनेपिनसारखी दुसरी बिअर नाही: कोरडी, मिरमिरीत, प्रत्येक घोटानंतर तोंड साफ करणारी. थ्री फिलॉसॉफर्स जेवणानंतरची. चॉकलेट किंवा निळं चीज समोर असेल तेव्हा काढावी आणि दोघांत एक वाटून घ्यावी.

चवीवर माझं मन हेनेपिनकडेच झुकत होतं, हे सांगायला हवं. ताज्या हेनेपिनचा पहिला घोट मला व्हाइटपेक्षा अधिक रंजक वाटतो, आजही. निर्णय फिरला तो एका कटकटीमुळे, आणि त्या कटकटीत ब्रुअरीचा काही दोष नाही.

कटकट दुकानातल्या फळीची.

आमच्याकडच्या मोठ्या लिकर स्टोअरमध्ये काचेच्या दारांमागच्या फ्रिजमध्ये आयपीए, हार्ड सेल्टझर आणि लागर. बेल्जियन धाटणीच्या जोरकस बिअर बाहेर, उघड्या रॅकवर, बहुतेक खालच्या फळीवर. वर ट्यूबलाइट दिवसभर. उन्हाळ्यात दार उघडं असलं की तिथली हवा कोमट. 'ही स्ट्राँग बिअर आहे, वाइनसारखी टिकते' असा दुकानदारांचा समज असतो. क्वाड्रुपलच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. सेझोंच्या, म्हणजे हेनेपिनसारख्या कोरड्या, सोनेरी बिअरच्या, बाबतीत नाही. हेनेपिनची गंमत तिच्या मिरमिरीत वासात आणि ताज्या आल्यात आहे, आणि आधी जातं तेच.

एका दुकानातून आणलेला चारचा पॅक मला अजून आठवतो. बाटलीच्या खांद्यावर धुळीचा थर, लेबलाची एक कड प्रकाशाने फिकी पडलेली. ग्लासात ओतली तर फेस आला, रंग बरोबर, आणि नाकाला लावलं तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. चव मधाळ, जड, मिरी नाहीच. बिअरला ऑक्सिजन आणि उष्णता दोन्ही लागली की ती अशीच मरते. बाटलीतलं जिवंत यीस्ट थोडा ऑक्सिजन खातं, म्हणून ती काही काळ तग धरते, पण कोमट फळीवर महिनोन् महिने कोणतंही यीस्ट राखण करू शकत नाही. नंतर दुसऱ्या दुकानांतही कमी-अधिक हेच दिसलं. कधी बाटली ताजी निघायची आणि मन भरून यायचं. कधी तेच लेबल, तीच किंमत आणि आत मेलेली बिअर. पाहुण्यांसमोर बाटली उघडताना आज काय निघेल ही धाकधूक मला नको होती.

खरं तर दोघींत नाजूक कोण विचाराल तर व्हाइट. कमी अल्कोहोल, गव्हाचा हलका देह, धण्याचा उडून जाणारा वास. ती कोमट फळीवर ठेवली तर हेनेपिनच्याही आधी मान टाकेल. पण तिला फळीवर ठेवतंच कोण? ती खपते. खपते म्हणून फ्रिजमध्ये असते, आणि फ्रिजमध्ये असते म्हणून पुन्हा खपते. रेस्टॉरंटमध्ये नळावर असते, तिथला पिंप पटकन संपतो. चार गिऱ्हाइकं रोज नेतात म्हणून कोपऱ्यावरच्या गाड्यावरची भाजी ताजी असते, तसंच हे. मी जिथून जिथून व्हाइट आणली, तिथे ती मला जवळजवळ नेहमी चांगल्या अवस्थेत मिळाली. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे नाही, पण नाकावर माझा विश्वास आहे.

शिवाय कॅनमध्ये मिळते, म्हणजे प्रकाशाचा प्रश्नच मिटतो. हॉप्समधल्या कडू घटकांवर प्रकाश पडला की जो घाणेरडा वास तयार होतो, तो तपकिरी काच बराचसा अडवते, पण कॅन पूर्णच अडवतो. एक काळजी तेवढी घ्या: यीस्ट तळाशी बसतं. कॅन सरळ ओतला तर पहिला ग्लास निवळ आणि शेवटचा चिखल. मी उघडण्याआधी कॅन हळूच उलटा करतो, थांबतो, मग सरळ करून टेबलावर आडवा एक-दोनदा फिरवतो. जोरात हलवायचं नाही. मग ओतताना शेवटचं बोटभर कॅनमध्येच फिरवून ग्लासात सोडायचं. रंग हवा फिकट, दुधाळ पिवळा. तसा आला की धण्याचा वास फेसाबरोबर वर येतो, आणि मग सालीचा.

तुमच्या गावात असं एखादं दुकान असेल, जिथला माणूस बेल्जियन बिअर थंड ठेवतो, तारखा पाहून माल फिरवतो आणि विचारलं तर 'हा पॅक नको, पुढच्या आठवड्यात नवा येतोय' असं सांगतो, तर माझं हे सगळं गणित तुमच्यासाठी उलटंही होईल. मग तुम्ही बिनधास्त हेनेपिन घ्या आणि मला तुमचा हेवा वाटेल. दुकान असं आहे की नाही हे एका फेरीत कळतं: सेझों कुठे ठेवलीये ते पाहा आणि तारीख शोधा. तारीख बऱ्याचदा कॅनच्या बुडाशी, बाटलीच्या गळ्याशी किंवा लेबलाच्या कडेला असते. ती सापडली नाही किंवा वाचता आली नाही, तर बाटली जागच्या जागी ठेवा.

ओमेगँग मी सोडलेली नाही. दिवाळीत कुणाकडे जाताना नेतो ती थ्री फिलॉसॉफर्स. चेरी, मनुका, जरा जुन्या गुळाची आठवण देणारी गोडी. आणि ती एवढी दणकट आहे की फळीवरचे दोन-चार महिने तिला फारसं काही करत नाहीत. थंडीच्या दिवसांत अ‍ॅबी एलही अशीच विश्वासाची. म्हणजे माझा अनुभव असा की ओमेगँगची गडद बिअर कुठूनही घ्यावी, सोनेरी मात्र माहितीच्या दुकानातूनच.

प्रत्यक्ष ब्रुअरी पाहायला जायचं असेल तर ओमेगँगला आधी जा. आमच्या भागातून कूपर्सटाउन चारेक तासांचं; तिथे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे, तलाव आहे, टेकड्या आहेत, मुलांनाही दिवसभर करमतं. आणि उगमाशी प्यायलेली हेनेपिन कशी असायला हवी ते एकदा जिभेला कळतं. पोर्टलंड बरंच लांब पडतं, बॉस्टनवाल्यांना मात्र दोन तासांत. तिथे गेलात तर कूलशिपमध्ये तयार झालेल्या बिअरची बाटली मिळतेय का ते विचारा, कारण ती बाहेर क्वचितच दिसते.

घरच्या फ्रिजसाठी मात्र, पहिल्यांदाच घेत असाल तर, दुकानातल्या फ्रिजमध्ये असलेला व्हाइटचा पॅक उचला, सोबत थ्री फिलॉसॉफर्सची एक बाटली मागच्या कप्प्यात ठेवा. हेनेपिन दिसली आणि तारीख ताजी असली तर तीही घ्या, पण त्याच आठवड्यात संपवा.