ऑटोक्रॉससाठी टायर: झटकन तापणारा की दमानं तापणारा?

आमच्याकडे २०१३ची सुबारू बीआरझेड आहे. इथे मिशिगनमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्यातले एक-दोन रविवार ती ऑटोक्रॉसला जाते. म्हणजे मोकळ्या जागेत प्लास्टिकचे शंकू, ज्यांना आम्ही कोन म्हणतो, मांडून वळणांची वाट आखायची आणि एकेका गाडीनं ती घड्याळ लावून पळायची; अशी एक फेरी म्हणजे एक रन. आधी मी एकटाच चालवायचो, आता बायकोही चालवते. सहा सीझनमध्ये टायरचे पाच सेट झाले. 'दोनशेचे टायर घ्यायचेत, कुठले घेऊ?' असं ओळखीतलं कुणी ना कुणी दर वसंतात विचारतं. दोनशेचे म्हणजे ज्यांवर ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा, २०० छापलेला असतो ते. त्यांना फोनवर जे सांगतो तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी एक खुलासा. हे सगळं डांबरावरच्या आणि काँक्रीटवरच्या ऑटोक्रॉसबद्दल आहे. पुण्या-नाशिककडे मातीच्या मैदानावर ऑटोक्रॉस होतं, तिथे यातला एकही टायर कामाचा नाही. मातीत रबर किती मऊ यापेक्षा खाचा किती रुततात ते बघावं लागतं.

दुसरं म्हणजे, हा तुमचा पहिलाच सीझन असेल तर सध्या काहीच घेऊ नका. गाडीला आहेत ते टायर झिजवा. आमची बीआरझेड कंपनीतून मिशेलिन प्रायमसी एचपीवर आली. साधा, २१५ मिलिमीटर रुंदीचा टायर, लवकर सुटतो, म्हणजे पकड सोडतो. पण सुटण्याआधी कण्हतो, मग ओरडतो, आणि त्या आवाजावरून मी गाडी शिकलो. रोजच्या वापराला आणि रविवारला मिळून एकच सेट हवा असेल तर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस किंवा कॉन्टिनेन्टलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ असे ३०० किंवा त्याहून जास्त ट्रेडवेअरचे टायर घ्या. पावसात निर्धास्त राहाल. निकालाच्या यादीत मात्र खाली राहाल, ते आधीच मान्य करून घ्या.

खरी ओढाताण सुरू होते ती दोनशेच्या गटात आल्यावर. एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, हिच्या स्ट्रीट वर्गात ट्रेडवेअर किमान २०० हवा, म्हणून सगळ्या कंपन्या बरोबर त्या आकड्यावर येऊन थांबतात. पण एकाचे २०० म्हणजे दुसऱ्याचे २०० नव्हेत. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा फिरवतात, एकूण ११,६०० किलोमीटरच्या आसपास, आणि झीज एका प्रमाण टायरशी ताडून बघतात. त्यावरून आकडा ठरवून टायरवर छापते ती कंपनी स्वतःच. शिवाय ती चाचणी सरळमार्गी हमरस्त्याची असते. कोनांमधून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी फेकताना रबराचं काय होतं याच्याशी तिचा संबंध नाही. तेव्हा आकडा बघायचा तो गाडी वर्गात बसते की नाही एवढ्यापुरता, आणि निवड करायची ती स्वभावावरून.

माझ्या मते इथे स्वभाव दोनच. एक झटकन तापणारा: योकोहामाचा अॅडव्हान ए०५२, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा आरई-७१आरएस, नानकांगचा सीआर-एस. दुसरा दमानं तापणारा, त्यातलं ठळक नाव हँकूकचा व्हेंटस आर-एस४. फाल्कनचा अझेनिस आरटी६६० आणि कुम्होचा व्ही७३० यांना मी मधे ठेवतो, पण ते दोन्ही मी स्वतः कधी चालवलेले नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल इथेच थांबतो. घरातल्या तव्यांसारखं आहे हे. पातळ तवा गॅसवर ठेवला की लगेच तापतो आणि दोन मिनिटं लक्ष चुकलं की जाळतो. बिडाचा तवा पहिलं धिरडं चिकटवतो, पण एकदा तापला की पुढची पंधरा एकसारखी उतरतात.

झटकन तापणाऱ्यांचं कौतुक आधी करतो, कारण दोन सीझन मी त्यांच्यावर काढले, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेटवर. एप्रिलमधली सकाळ, हवा आठ-नऊ अंश, डांबर गारठलेलं, आणि पहिल्याच रनला पहिल्याच वळणावर गाडीचं नाक सांगाल तिथे जातं. प्रायमसीवरून तिथे आलो तेव्हा स्टिअरिंग हातात जड वाटलं, इतका पुढचा भाग जमीन धरून होता. ब्रेक मी दहा-बारा फूट उशिरा दाबायला लागलो. एकटा चालवत होतो तोवर तक्रारीला जागाच नव्हती. दोन रनमध्ये दहा मिनिटं तरी मिळतात, तेवढ्यात टायर आपोआप निवतो. त्या वर्षी कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून हेच घ्या म्हणालो असतो.

पुढच्या वर्षी बायको चालवायला लागली आणि चित्र पालटलं.

दोन ड्रायव्हरांची गाडी ग्रिडवर, म्हणजे रनआधी गाड्या रांगेत थांबतात तिथे, थंड होत नाही. एक रन संपवून येतो, दुसरा बसतो, दोन-तीन मिनिटांत गाडी पुन्हा सुटते. पाच-पाच रन धरले तर पन्नास सेकंदांचे दहा रन, म्हणजे अख्ख्या दिवसात सुमारे सव्वाआठ मिनिटं ड्रायव्हिंग. ऐकायला काहीच नाही. पण जुलैच्या दुपारी, डांबराचा हाताला चटका बसेल इतकं ते तापलेलं असताना, तिसऱ्या-चौथ्या रनपासून या टायरांचा पृष्ठभाग लोण्यासारखा व्हायचा. रबराचं असं आहे की ठरावीक तापमानापर्यंत ते मऊ होऊन डांबराच्या बारीक खळग्यांत उतरतं, धरतं. त्याच्या पुढे गेलं की वरचा थर स्वतःच निसटायला लागतो, आणि निसटला की घासून आणखी तापतो.

यावर उपाय सगळ्यांना माहीत आहे: पाणी. बागेत औषध मारायचा हातपंप असतो तसा पंप प्रत्येक दोन-ड्रायव्हर गाडीपाशी दिसतो. आमचाही होता, हिरव्या टाकीचा. गाडी आली की बायको हेल्मेट काढत उतरायची, मी सीट मागे ढकलून आत बसायचो, आणि ती पंपाचा दांडा मारत पुढच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसायची. टायरवर चिकटलेले खडे पाण्याबरोबर टपटप खाली पडायचे, वाफ निघायची, जळक्या रबराचा वास यायचा. डावीकडून उजवीकडे, मग मागची दोन. तेवढ्यात ग्रिडवाला बोट दाखवणार, की निघा. कधी दोनच चाकं भिजलेली असायची, कधी चारही नुसती चिंब. चिंब टायर घेऊन सुटलो की पहिला कोन तसाच जायचा, कारण पाणी झटकलं जाईपर्यंत पकड नाही. कोरडा राहिला तर शेवटच्या वळणाला पकड नाही.

कष्टाचं मला काही वाटत नाही. सकाळी सहाला उठून जॅक-पाना गाडीत टाकणाऱ्याला पंप मारायचा कंटाळा नसतो. माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणानं. त्या जुलैत एका रविवारी तिचा चौथा रन तिसऱ्यापेक्षा सेकंदाच्या सात दशांशानं हळू आला. स्लॅलममध्ये, म्हणजे एका रांगेतल्या कोनांमधून नागमोडी जाताना, गाडी रुंद गेली होती. परत आल्यावर तिनं विचारलं, "अरे, मी उशिरा वळवली की टायर सुटला?" मी बाजूला उभा राहून बघत होतो, तरी मला सांगता आलं नाही. मग माझा रन झाला, तोही तिथेच रुंद गेला, आणि मलाही स्वतःबद्दल ते सांगता येईना. दुपारभर आम्ही टायरच्या तब्येतीचा हिशेब करत होतो: आता किती गरम असेल, पाणी जास्त झालं का, हवा अर्धा पीएसआय सोडावी का. गाडी कशी चालवली याबद्दल दोघांत एक वाक्यही बोलणं झालं नाही. ऑटोक्रॉसला जायचं ते एका रनमधून पुढच्या रनसाठी काहीतरी घेऊन यायला. दर रनला खालचं रबरच वेगळं असेल तर घ्यायचं काय?

या गटातल्या टायरांचं तापणं कमीअधिक आहे, आणि माझ्या गाडीला जे झालं ते तुमच्या हलक्या गाडीला कदाचित इतकं होणारही नाही. पण आमच्यापुरता निर्णय त्या दुपारी झाला.

चौथ्या सीझनला २२५/४५ आर१७ मापाचे आर-एस४ घातले. बीआरझेडच्या मूळ सात इंची रिमवर ते बसतात. पहिल्या दिवशी, खरं सांगतो, वाईट वाटलं. मे महिन्याची गार सकाळ, पहिल्या रनला मागचा भाग दोनदा निसटला आणि एक कोन उडाला, म्हणजे दोन सेकंद दंड. दुसऱ्या रनला बरं. तिसऱ्यापासून मात्र जे सुरू झालं ते दुपारपर्यंत तसंच राहिलं. आम्ही दोघं आलटून पालटून चालवत होतो, आणि एकाच्या रननं दुसऱ्यासाठी टायर तयार होत होता. दोन ड्रायव्हर असणं हीच आधी अडचण होती, तीच इथे सोय झाली. ग्रिडवर पंप लागला तो त्या उन्हाळ्यात दोनदाच, आणि तोही सवयीनं.

सुटतो तो हळूहळू सुटतो. पाठीला आधी कळतं, हाताला मग. बायको त्या सीझनमध्ये माझ्यापेक्षा जास्त सुधारली आणि आम्हाला दोघांनाही ते का झालं हे सांगता येत होतं: ती स्लॅलमच्या पहिल्या कोनापाशी लवकर वळायला लागली, एवढंच.

हरतो कुठे? शुद्ध वेगात. माझ्या अंदाजानं पन्नास सेकंदांच्या रनला अर्धा ते पाऊण सेकंद. मी काही दोन्ही सेट एकाच दिवशी बदलून घड्याळ लावलेलं नाही. नेहमीच्या ओळखीच्या गाड्यांशी असलेलं अंतर किती वाढलं त्यावरून सांगतो. तेवढ्यात आपल्या वर्गात दोन-तीन जागा सहज खाली जातात. सप्टेंबरात लिंकन, नेब्रास्काला राष्ट्रीय स्पर्धेला जायचं मनात असेल तर माझं ऐकू नका. तिथे दिवसाला तीनच रन, दोन दिवस, दोन वेगळे कोर्स. तीन रनमध्ये दमानं तापायला वेळच नाही. तिथे पहिल्या रनला धरणारा टायरच हवा. एकटे चालवत असाल, शिवाय तुमच्याकडचे रविवार थंड आणि ढगाळ असतील, तरीही पारडं झटकन तापणाऱ्याकडे झुकतं, आणि ते योग्यच आहे.

झिजेचं सांगायचं तर माझे झटकन तापणारे दोन्ही सेट एकेक सीझन टिकले, आणि शेवटच्या दोन-तीन रविवारी खाच शिल्लक असूनही पहिल्यासारखी धार उरलेली नव्हती. तापून-निवून, तापून-निवून रबर कडक होत जातं. आर-एस४चा पहिला सेट दोन सीझन पुरला. पुढच्या टायरांची बाहेरची कड आधी खाल्ली जाते, कारण स्ट्रीट वर्गात चाकाचा कल फारसा बदलता येत नाही. चारही चाकांना एकच माप ठेवलं की पुढचे मागे टाकता येतात, ते सीझनच्या मध्यावर न विसरता करा. आवाज मात्र आर-एस४चा हमरस्त्यावर जाणवतो, सव्वा तासाच्या रस्त्यात बोलणं थोडं चढ्या आवाजात होतं. पावसात साचलेल्या पाण्यावर दोनशेच्या कुठल्याच टायरवर विसंबू नका. येताना पाऊस लागला तर आम्ही उजव्या, म्हणजे इथल्या हळू लेनमध्ये मुकाट्यानं येतो.

हवेचं एक. मी ३४ पीएसआयनं सकाळ सुरू करतो. टायर साधारण साडेपाच अंश तापला की १ पीएसआय चढतो, म्हणून पहिल्या दोन रननंतर मोजून सोडावी लागते. बाजूच्या भिंतीवर खडूनं रेघ मारून ठेवा. वळणात टायर कुठवर लोळला ते पुसलेल्या खडूवरून दिसतं, आणि मापकापेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे. कुठलाही सेट आला की भिंतीवरच्या 'DOT' कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ते टायर कधी बनला ते सांगतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन वर्षं गोदामात पडलेला सेट स्वस्तात मिळाला तरी परत करा. आणि हिवाळ्यात हे टायर गॅरेजमध्ये गारठू देऊ नका, असल्या रबराला गोठणाऱ्या थंडीत तडे जाऊ शकतात. आमचे नोव्हेंबरपासून तळघरात काळ्या पिशव्यांत बांधून ठेवलेले असतात.

सध्याचा सेट आर-एस४चा दुसरा आहे आणि एक सीझन झाला आहे. हिरवा पंप गेल्या महिन्यात शेजाऱ्यांना टोमॅटोवर औषध मारायला दिला.