विंडोज ११ : जुन्या मशीनवर वरून चढवायचं की फॉरमॅट मारून टाकायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत मिळते, पण तेवढीच. त्यामुळे २०१८-१९ मध्ये घेतलेली, आठव्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम आणि एक टीबीची हार्ड डिस्क असलेली हजारो मशिन्स आता विंडोज ११ च्या रांगेत आहेत. ही समीक्षा अशाच मशीनवर विंडोज ११ टाकण्याच्या दोन वाटांची आहे. एकीत आहे त्या विंडोज १० वरच नवी विंडोज चढते. दुसरीत सगळं पुसून कोरी विंडोज बसते.

आधीच सांगून टाकतो : मशीन हळू असण्याचं कारण नव्वद टक्के वेळा जुनी विंडोज नसतं, फिरणारी हार्ड डिस्क असते. ५४०० आरपीएमच्या डिस्कवर कोरी विंडोज ११ टाकली तरी चालू झाल्यावर पाच-दहा मिनिटं टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवरच अडकलेली दिसते. फॉरमॅटचे पैसे देण्याआधी ते पैसे एसएसडीत, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्कमध्ये, घाला.

मशीन पात्र आहे का ते मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक ॲपमध्ये कळतं. इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर, टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच मशीन सुरू होऊ देणारी सोय), चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा. टीपीएम नाही असं आलं तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडतो. मात्र डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू असेल तर आधी तो सस्पेंड करा. नाहीतर बायोसमध्ये बदल करून बाहेर आलात की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं.

असेंबल केलेल्या पीसींमध्ये खरा अडथळा वेगळाच असतो. विंडोज बूट होण्याच्या जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेली असते, डिस्क जुन्या एमबीआर रचनेची असते. सिक्युअर बूटला मात्र नवी यूईएफआय पद्धत आणि जीपीटी रचना लागते. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे, ते डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. पण त्याच्या अटी कडक आहेत : डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन हवीत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन अजिबात नको. आपल्याकडे सी, डी, ई, एफ असे चार भाग पाडून देण्याची पद्धत आहे, आणि त्यातले मागचे भाग बहुधा एक्स्टेंडेडमध्येच असतात. तिथे तपासणीच्या पायरीवरच नकार येतो. तपासणी पास झाली तर आधी डिस्क बदला आणि मग बायोसमध्ये यूईएफआय करा. क्रम उलटा केला तर मशीन बूटच होत नाही.

सातव्या पिढीच्या किंवा त्याहून जुन्या मशीनवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, खटपटी करून ११ चढवता येते. ऑफिसच्या किंवा हिशेबाच्या मशीनवर हे करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दरवर्षी येणारी मोठी आवृत्ती अशा मशीनवर आपोआप येत नाही, प्रत्येक वेळी पुन्हा तीच खटपट करावी लागते.

वरून चढवण्याची वाट

आयएसओ फाइल, म्हणजे विंडोजचं अख्खं सेटअप असलेली एकच फाइल, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवा. पाच जीबीच्या वर भरते. पेन ड्राइव्ह लागत नाही. फाइलवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते, आतला सेटअप चालवायचा. सी ड्राइव्हवर निदान तीस जीबी मोकळी ठेवा. बाहेरचा अँटिव्हायरस नुसता बंद करू नका, काढूनच टाका. प्रिंटर, डोंगल, बाहेरच्या डिस्क सगळ्या काढून ठेवा. माऊस आणि कीबोर्ड पुरे.

मग येतो तो पडदा, जिथे काय ठेवायचं ते विचारलं जातं. फाइल आणि ॲप दोन्ही ठेवण्याचा पर्याय तिथे हवा. तो फिका पडलेला दिसला तर जवळजवळ नेहमी कारण भाषेचं असतं. मशीनवरची विंडोज अमेरिकी इंग्रजीत आणि उतरवलेली फाइल आंतरराष्ट्रीय इंग्रजीत, म्हणजे ब्रिटिश, किंवा त्याच्या उलट. डाउनलोडच्या पानावर दोन्ही इंग्रजी शेजारी शेजारी असतात आणि घाईत चुकीचं उचललं जातं. तसंच पुढे रेटलंत तर फाइल राहतात, सगळे प्रोग्राम जातात. थांबा आणि योग्य भाषेची फाइल उतरवा.

दुसरी ठरलेली अडचण म्हणजे सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही, असा संदेश. बूटच्या फाइल ठेवण्याचं ते छोटं पार्टिशन बहुधा १०० एमबीचं असतं आणि त्यात जवळपास १५ एमबी मोकळी लागते. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून ते पार्टिशन जोडून, त्यातल्या मायक्रोसॉफ्टच्या बूट फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर रिकामा केला की पुरेशी जागा होते. त्या फॉन्टवाचून काही अडत नाही. बूट फोल्डरमधल्या दुसऱ्या कशालाही मात्र हात लावू नका.

सी१९००१०१ ने सुरू होणारा एरर आला तर दोष ड्रायव्हरचा समजा. बहुतेक वेळा जुना ग्राफिक्स, वायफाय किंवा स्टोरेजचा ड्रायव्हर. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो नवा करा, बायोसही अपडेट करा, मग पुन्हा प्रयत्न. नुसतं तेच तेच सेटअप चालवून काही होत नाही.

या वाटेचा मोठा गुण म्हणजे परतीचा रस्ता. जुनी विंडोज दहा दिवस बाजूला ठेवलेली असते आणि सेटिंगमधल्या रिकव्हरीत जाऊन मागे फिरता येतं. डिस्म या विंडोजमधल्याच कमांड प्रॉम्प्टच्या साधनाने ही मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ते दहा दिवसांच्या आतच करायचं. त्याआधी डिस्क क्लीनअप चालवून जागा मोकळी करण्याच्या मोहात पडलात तर तो रस्ता स्वतःच्या हाताने बंद होतो.

दोष म्हणजे जुना पसारा तसाच येतो. लॅपटॉप कंपनीची आपोआप चालणारी ॲप, अर्धवट काढलेले प्रोग्राम, जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं. आधी व्हायरस होता अशी शंका असेल तर या वाटेने जाऊच नका.

कोरी विंडोज

निदान आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. बनवताना तो पूर्ण पुसला जातो. मीडिया क्रिएशन टूल बाकीचं करून देतं. एका बाबतीत हा पर्याय नाही, सक्तीच आहे : विंडोज १० ३२ बिटची असेल तर कोरीच टाकावी लागते, कारण ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे.

खरं काम त्याआधीचं असतं आणि दुकानात घाई होते ती इथेच. 'डी ड्राइव्हला हात लावत नाही, फक्त सी फॉरमॅट करतो' हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नका. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स सगळं सी वरच असतं. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइलही तिथेच, डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरात. क्रोमचे पासवर्ड गुगल खात्याशी सिंक झालेत का ते उघडून बघा. टॅली असेल तर लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या, मग फॉरमॅट. डिजिटल सहीच्या टोकनची काळजी नको. सही टोकनच्या आतच असते, फक्त त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो.

डीटीपीवाल्यांसाठी एक खास सूचना. मराठीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करून भागत नाही. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत डबल क्लिक करून टाकलेला फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो, आणि तो युजरच्या लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरात, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज असं आत गेल्यावर मिळतो. तो राहिला की जुन्या पत्रिकांच्या फाइल उघडतात, पण अक्षरांच्या जागी गिचमीड दिसते.

ड्रायव्हरही आधीच डिस्मने एका फोल्डरात काढून पेन ड्राइव्हवर घ्या. कारण सेटअपच्या शेवटी इंटरनेट मागितलं जातं आणि नेमका वायफायचा ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हर काढून घ्यायचे राहिले असतील तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा; बहुतेक मशीन ते लगेच ओळखतात.

लायसन्सची की विचारली तर की नाही असं निवडा आणि आधी होती तीच आवृत्ती, होम किंवा प्रो, घ्या. खऱ्या विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या की घेण्याची गरज नाही.

एका गोष्टीवर आम्ही अडून बसतो. २४एच२ या विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून कोऱ्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, होम आवृत्तीतसुद्धा. तिची रिकव्हरी की त्या खात्यात जाते. दुकानदाराने सोयीसाठी स्वतःचा ईमेल टाकून सेटअप उरकला, तर तुमच्या डेटाची किल्ली त्याच्याकडे राहते. खातं तुमचंच हवं, आणि ती की कागदावर लिहून ठेवलेली हवी.

मग कुठली घ्यायची?

मशीनमध्ये आधीपासून एसएसडी आहे, विंडोज १० विनातक्रार चालते आहे, टॅलीपासून टोकनपर्यंत सगळं बसवलेलं आहे : वरून चढवा. एसएसडीवर तास-दीड तासात काम होतं.

हार्ड डिस्क असेल तर नवी एसएसडी घ्या आणि तिच्यावर कोरी विंडोज टाका. लॅपटॉपमध्ये अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी सरळ बसते. २५६ जीबी पुरते, ५१२ असेल तर उत्तम. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून बाहेर ठेवायची. काहीच पुसलं न गेल्यामुळे फसलं तर जुनी डिस्क परत लावून दहा मिनिटांत काम सुरू. दोन्ही वाटांमध्ये सगळ्यात सुरक्षित हीच.

डेस्कटॉपवर हे करताना जुन्या डिस्कची केबल सेटअप संपेपर्यंत काढूनच ठेवा. ती लावलेली राहिली तर विंडोज एसएसडीवर बसते, पण बूटच्या फाइल अनेकदा जुन्या डिस्कच्या पार्टिशनवर जातात. सहा महिन्यांनी ती डिस्क काढली किंवा बंद पडली की चांगली एसएसडी असूनही मशीन चालू होत नाही, आणि लोक पुन्हा फॉरमॅट मारून घेतात.

सगळं झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण राहिली नाही ना ते बघा, विंडोज अपडेट दोन-तीनदा रिकामं येईपर्यंत चालवा, प्रिंट काढा, टॅलीत मागच्या वर्षाची कंपनी उघडा, टोकनने एक सही करून बघा. जीएसटीचं पुढचं रिटर्न या मशीनवरून भरून होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.