बारावीचं गणित, वय ४१, शिकवणी नाही: नऊ महिन्यांनंतर

अंबाजोगाईत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शिक्षण बारावी आर्ट्स, तेही काठावर. जानेवारीत एनआयओएसला (घरी शिकून परीक्षा द्यायचं केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय) एकटं गणित घेतलं, कोड ३११. बारावी झालेली असली की तिथं एका विषयालाही प्रवेश मिळतो. त्यांची पुस्तकं साइटवर फुकट आहेत. जोडीला बालभारतीची अकरावी-बारावीची घेतली.

आधी पैसे घालवले ते एका अ‍ॅपच्या वर्षाच्या पॅकेजात. व्हिडिओ बघताना सगळं पटायचं, वही उघडली की डोकं रिकामं. दोन महिने असेच गेले. अ‍ॅपला काय बोलू, मीच जेवताना बघायचो आणि पेन हातात घ्यायचो नाही.

भाषेनंही घाम काढला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. ‘वर्गसमीकरण’ माहीत, ‘क्वाड्रॅटिक’ कुणाला माहीत! वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहीत गेलो. डेरिव्हेटिव्हपुढं ‘बदलाचा दर’ लिहिलं तेव्हा कुठं ते डोक्यात शिरलं.

खरी गळती मात्र खालीच होती. अकरावी गाळून थेट इंटिग्रेशनला, म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या उलट्या क्रियेला, हात घातला आणि अडकलो. शोधत गेलो तर अडत होतं ते साइन (ए अधिक बी) चं सूत्र, आणि त्याच्याही खाली अवयव पाडणं. मार्चमध्ये गुपचूप नववीचं पुस्तक आणलं. गल्ल्याखाली ठेवायचो, गिऱ्हाईक आलं की वर बिलबुक.

त्याच सूत्रानं एक दिवस जून महिन्यात मला जाग्यावर बसवलं. पंधरा वर्षं मोटारीला स्टार कनेक्शन मारतोय. तिन्ही टोकं एकत्र पिळायची, टेप लावायचा, न्यूट्रल (करंटची परतीची तार) जोडायचा नाही. का, ते उस्तादनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तीन फेजमध्ये १२०-१२० अंशांचं अंतर. साइन थीटा, साइन थीटा वजा १२०, साइन थीटा वजा २४० अशी तिन्ही करंटांची बेरीज मांडली. १२० आणि २४० चे कोसाइन दोन्ही उणे अर्धा, साइन एकमेकांना खाऊन टाकतात. बेरीज शून्य! तिन्ही फेज सारखे असतील तर न्यूट्रलला काही कामच उरत नाही. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “बरं, आता जेवून घ्या.”

एकट्यानं शिकणाऱ्याला इंटिग्रेशन सोयीचं, कारण मास्तर लागत नाही. एक्स साइन एक्सचं उत्तर मी एक्स कोस एक्स वजा साइन एक्स काढलं. उलटं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर उणे एक्स साइन एक्स आलं. म्हणजे चिन्ह चुकलं, साइनचं इंटिग्रेशन उणे कोस असतं. हे ताळा करणं मला कोणत्याच व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडलं. प्रॉबॅबिलिटीला तसा ताळा नाही, तिथं मी अजून अंदाजानंच चालतो.

रोज पहाटे पाच ते साडेसहा, वही-पेन. पास व्हायला ३३ टक्के लागतात, तेवढे येतील. पेपर पुढच्या आठवड्यात आहे. रब्बीचं पाणी सुरू झालंय, दुकानात सात जळक्या मोटारी पडल्यात. थ्री-डी जॉमेट्री सोडून देतोय.