फेरिटिन की यकृताचा एमआरआय? प्रत्यारोपणापूर्वी लोह मोजताना

मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसाठी (अस्थिमज्जेत निरोगी रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार) माझे स्टेम सेल प्रत्यारोपण पुण्यात ठरले, तोपर्यंत मला रक्ताच्या २६ पिशव्या चढवून झाल्या होत्या. प्रत्येक पिशवीची तारीख मी दोनशे पानी वहीत लिहून ठेवत असे. एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येते, म्हणजे वहीच्या हिशेबाने पाच-साडेसहा ग्रॅम लोह बाहेरून आलेले, आणि निरोगी माणसाच्या अंगात ते एकूण तीन-चार ग्रॅमच असते. ते यकृतात किती आणि हृदयात किती साठले आहे, हे मात्र वही सांगू शकत नव्हती.

फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याचा अंदाज देणारे रक्तातील प्रथिन, मोजणे सोयीचे आहे. सांगलीत सकाळी रक्त दिले की संध्याकाळी आकडा हाती येतो आणि खर्चही झेपतो. त्या आकड्याला वजनही आहे. प्रत्यारोपणापूर्वी फेरिटिन फार वाढलेले असलेल्या रुग्णांचे, विशेषतः तीव्र मायलॉइड ल्युकेमिया आणि मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम असलेल्यांचे, जगण्याचे प्रमाण कमी असल्याचे बोस्टनमधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले होते.

मला त्रास झाला तो त्याच्या अस्थिरपणाचा. श्रावणात माझे फेरिटिन १९०० होते. पुढे ताप आणि छातीत कफ झाला, त्या आठवड्यात ते ३८०० वर गेले, आणि ताप उतरल्यावर तीन आठवड्यांनी २१०० वर आले. या काळात एकही पिशवी चढलेली नव्हती. संसर्ग आणि दाह यांनीही फेरिटिन वाढते, हे मी वाचलेले होते. पण मधल्या त्या अहवालावरून प्रत्यारोपण पुढे ढकलून आधी लोह उतरवण्याच्या गोळ्या सुरू करण्याची चर्चा झाली, तेव्हा घरात कोणालाही नीट झोप लागली नाही. दात्री असलेल्या माझ्या बहिणीने तर रजाही मंजूर करून घेतली होती.

म्हणून आम्ही टी-टू-स्टार पद्धतीचा, म्हणजे अवयवात साठलेले लोह मोजणारा, एमआरआय केला. सगळ्याच केंद्रांत ही सोय नसते, त्यामुळे वेळ घेण्यापूर्वी ‘यकृत आणि हृदय दोन्हींचे लोह मोजता का’ असे स्पष्ट विचारावे. सुई नाही, रंगद्रव्य नाही. ‘श्वास सोडा, धरून ठेवा’ एवढ्याच सूचना पुन्हा पुन्हा येतात. अशक्त माणसाला ते पंधरा-वीस सेकंद मोठे वाटतात. माझ्या यकृतात प्रतिग्रॅम ९ मिलिग्रॅम लोह निघाले, म्हणजे मध्यम साठा, आणि हृदयाचे टी-टू-स्टार मूल्य ३४ मिलिसेकंद होते. लोह जितके जास्त, तितके हे मूल्य कमी; २० च्या वर असले की हृदय सुरक्षित मानतात. तारीख कायम राहिली. पेशी रुजून हिमोग्लोबिन सावरल्यावर ठरावीक अंतराने रक्त काढून लोह कमी करायचे, असे ठरले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यकृतातील लोहाचा प्रत्यारोपणानंतरच्या मृत्यूशी थेट संबंध २०१४ च्या एकत्रित विश्लेषणात दिसला नाही; फेरिटिनचा दिसला, बहुधा ते लोहाबरोबर दाहही टिपत असल्यामुळे. जर्मनीतील ११२ रुग्णांच्या २०१८ च्या अभ्यासात तर रक्तातील मोकळे, क्रियाशील लोह अधिक महत्त्वाचे ठरले. त्यामुळे एकूण धोक्याचा अंदाज हवा असेल, तर फेरिटिन टाकाऊ म्हणता येणार नाही. पण गोळ्या सुरू कराव्यात का, तारीख हलवावी का, असा प्रश्न समोर असेल आणि पिशव्या विसाच्या पुढे गेल्या असतील, तर माझ्या मते एमआरआयचा खर्च करावा. फेरिटिन मात्र ताप नसताना आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचणीसोबतच तपासावे, म्हणजे वाढलेला आकडा कशामुळे वाढला हे डॉक्टरांना त्याच कागदावर दिसेल.