हेन्रिएटा लेविट यांच्यावरील श्राव्य व्याख्यानमाला: पट्ट्या नेमक्या, गणित घाईचे

दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्याची वाट ज्यांच्या कामातून खुली झाली, त्या हेन्रिएटा स्वान लेविट (१८६८–१९२१) यांच्यावरील सहा भागांची श्राव्य व्याख्यानमाला मी नुकतीच ऐकून संपवली.

तिसरा भाग सर्वांत उजवा आहे. पेरूमधील आरेकिपा येथील केंद्रातून हार्वर्ड वेधशाळेत येणाऱ्या काचेच्या छायाचित्र-पट्ट्यांवर तारे काळ्या ठिपक्यांसारखे दिसत. एका रात्रीच्या अशा पट्टीवर दुसऱ्या रात्रीची उलट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची पट्टी ठेवली की ज्यांचे तेज स्थिर आहे ते ठिपके एकमेकांना झाकून टाकतात आणि रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्याभोवती मात्र बारीकशी कडा उरते. हे वर्णन इतके नेमके आहे की ऐकताना आपणच भिंगातून पाहत असल्यासारखे वाटते. ताशी ३० सेंट वेतनावर हे काम करत लेविट यांनी १९०८ मध्ये दोन्ही मॅगेलनी मेघांतील, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन लहान दीर्घिकांतील, १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली, हे कळल्यावर त्या आकड्यामागचे कष्ट वेगळे सांगावे लागत नाहीत.

चौथ्या भागात मात्र व्याख्यात्यांनी घाई केली आहे. लेविट यांच्या १९१२ च्या निबंधात लघु मॅगेलनी मेघातील २५ तारे आहेत. त्यांचे आवर्तकाल, म्हणजे तेजाच्या चढउताराचे एक चक्र पूर्ण व्हायला लागणारे काळ, सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंतचे. हे सारे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्यामुळे जो अधिक तेजस्वी दिसतो तो खरोखरच अधिक तेजस्वी असतो, आणि त्याचा आवर्तकालही मोठा असतो. येथवर विवेचन उत्तम आहे. पण ‘म्हणून अंतर कळले’ हे पुढचे विधान चुकीचे आहे, कारण या नियमातून केवळ अंतरांचे प्रमाण मिळते. प्रत्यक्ष अंतरासाठी आपल्या जवळच्या सेफीड, म्हणजे याच प्रकारच्या रूपविकारी, ताऱ्यांवरून मापन निश्चित करावे लागते आणि ते १९१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंग यांनी प्रथम करून पाहिले. हा दुवाच गाळल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी देवयानी दीर्घिकेचे सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे काढलेले अंतर आज २५ लाखांवर का गेले, हे श्रोत्याला उमगत नाही. सेफीड तारे दोन प्रकारचे असतात, हे खगोलशास्त्रज्ञ बाडे यांनी पुढे दाखवून दिले आणि त्यामुळे हे मापन बदलावे लागले. त्याचाही उल्लेख नाही.

शेवटच्या दोन भागांत लेविट यांचे बहिरेपण, कर्करोगाने झालेला मृत्यू आणि १९२५ मध्ये, त्या हयात नाहीत हे माहीत नसताना, स्वीडिश गणितज्ञ मिट्टाग-लेफ्लर यांनी नोबेल शिफारशीच्या विचाराने त्यांना लिहिलेले पत्र येते. प्रसंग मुळातच करुण असताना त्यामागे व्हायोलिन कशाला, हे मला कळले नाही. मी आवाज कमीच केला. त्याउलट, आकाशाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या ९६ ताऱ्यांच्या प्रती, म्हणजे तेजस्वितेचे आकडे, ठरवण्याच्या ज्या कामात त्यांची कित्येक वर्षे गेली, त्याची बोळवण एका वाक्यात केली आहे.

तरीही तिसऱ्या भागासाठी ही मालिका मी जरूर सुचवीन. चौथा भाग ऐकताना सोबत दिलेला आलेख समोर ठेवावा, आणि प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, हे आधीच ध्यानात घ्यावे. व्याख्याते ते सांगत नाहीत.