गणपती पेठेतलं फोटो-फ्रेमचं दुकान: पिवडीला पिवडीच ठेवणारा माणूस

लग्नाचे फोटो सांगलीत कुठेही छान निघतात. जुन्या भित्तिचित्राचा फोटो मात्र ज्याच्या त्याच्या हाती देववत नाही. त्यात मी शाळेत चित्रकला शिकवलेली; माझ्यासारखं गिऱ्हाईक दुकानदारांना नकोच असतं.

मुलाकडे गेले होते तेव्हा फ्रान्समधल्या व्हिक गावचं सँ मार्तँ चर्च पाहिलं, तिथले हे फोटो. चर्च बाहेरून इतकं साधं, की कुणी मुद्दाम गाडी थांबवणार नाही. आत वेदीच्या खोलीत पाऊल टाकलं की चारी बाजूंनी बाराव्या शतकातली चित्रं अंगावर येतात. शेवटचं भोजन, शिष्यांचे पाय धुणारा येशू, मुका घेऊन त्याला पकडून देणारा ज्यूडास. लांबट हात, टपोरे डोळे, आणि सगळी मदार गेरू, पिवडी (पिवळी माती) नि पांढऱ्यावर. ही चित्रं चुन्याखाली गडप झाली होती. १८४९ मध्ये तिथल्या पाद्रीबाबांना ती सापडली. जॉर्ज सांद ही लेखिका शेजारच्या नोआँमध्ये राहायची. तिनं प्रोस्पेर मेरिमेला कळवलं. तो सरकारच्या ऐतिहासिक वास्तूंचा मुख्य निरीक्षक. त्यामुळे भिंती वाचल्या. (आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की आधी ऑइलपेंटचे डबे येतात, ते आठवून जीव जळला.) धर्म नि सरकार वेगळं करणाऱ्या १९०५ च्या कायद्यापासून तिथली अशी जुनी गावचर्च गावाच्या मालकीची आहेत, प्रार्थनेचा हक्क तेवढा चर्चकडे. छप्पर गळलं की लोक मेयरच्या दारात.

तर दुकान. पहिला टेस्ट प्रिंट मशीननं आपल्या अकलेनं ‘सुधारून’ काढला. मी तोंड उघडायच्या आत मालकच म्हणाले, “बाई, सगळ्यांना कावीळ झाल्यागत दिसतंय. हे अजिंठ्याचं का?” नाही म्हटलं, आणि मूळ रंग कोणते ते सांगितलं. त्यांनी ऑटो करेक्शन बंद केलं, दुसरा प्रिंट काढला आणि ट्यूबलाइटखाली न बघता दारात उन्हात नेऊन धरला. ग्लॉसी कागदाला त्यांनीच नाही म्हटलं. भिंत ओली दिसेल म्हणाले. मॅटवर गिलाव्याच्या भेगासुद्धा जशाच्या तशा आल्यात. ज्यूडासच्या प्रिंटसाठी तर त्यांनी तिसरा कागद खर्ची घातला, त्याचे पैसे लावले नाहीत.

फ्रेमच्या पट्ट्यांत मात्र सोनेरी नक्षीचाच भरणा. साधी सागवानी पट्टी मागवून घ्यावी लागली, त्यात वेळ गेला. दर इतरांपेक्षा थोडा जास्त, पण मला खटकला नाही.

गाडी लांब लावून चालत जा. फोटो पेनड्राइव्हमध्ये न्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला ते छापून देतात, पण तोंड वाकडं करून. आणि गणपतीच्या तोंडावर जाऊ नका. तेव्हा मंडळांच्या फ्लेक्सपुढे आपला नंबर लागत नाही.