15 ओळींसाठी चार सत्रे: एका ऑनलाइन रसग्रहण वर्गाविषयी

कवितेचे रसग्रहण शिकवणारा चार सत्रांचा एक ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. चारही सत्रे एकाच कवितेला दिलेली होती, अमेरिकन कवी पॉल लॉरेन्स डनबार यांच्या ‘वुई वेअर द मास्क’ (‘आम्ही मुखवटा घालतो’) या कवितेला. अवघ्या 15 ओळींसाठी एवढा वेळ म्हणजे उगाच ताणलेला अभ्यासक्रम असेल, अशी शंका नाव नोंदवताना मनात होती. पहिल्या तीन सत्रांनी ती पूर्ण दूर केली. चौथ्या सत्राबद्दल मात्र माझी तक्रार आहे.

या कवितेचा अर्थ मी आजवर फार सोपा करून घेतला होता. माणसे आत एक आणि बाहेर एक असतात, तेव्हा ढोंग सोडून खरे वागावे, असे परीक्षेतल्या ‘मध्यवर्ती कल्पने’सारखे उत्तर माझ्याकडे तयार होते. शिक्षिकांनी पहिला अर्धा तास केवळ क्रियापदांवर थांबून ते मोडीत काढले. पहिल्या ओळीत हसण्याची आणि खोटे बोलण्याची क्रिया मुखवटा करतो. ‘आम्ही’ फक्त तो घालतो. चौथ्या ओळीत मात्र फाटलेल्या, रक्ताळलेल्या काळजाने ‘आम्ही’च हसू लागतो. मुखवट्याचे हसू तीन ओळींत माणसांच्या ओठांवर येते, आणि आता वरवरचे कोणते व आतले कोणते, हे घालणाऱ्यालाही सांगता येईल का, हा प्रश्न कविता शब्दांत न विचारता आपल्यापुढे ठेवते. मी ही कविता कितीतरी वेळा वाचली होती, पण हे स्थलांतर माझ्या ध्यानात कधी आले नव्हते.

कवीची पार्श्वभूमी दुसऱ्या सत्रापर्यंत मुद्दाम राखून ठेवली होती आणि तो निर्णय मला योग्य वाटला. डनबार यांचा जन्म 1872 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन येथे झाला. त्यांचे कृष्णवर्णीय आईवडील दोघेही गुलामगिरीतून सुटलेले होते. ही कविता त्यांच्या 1895 च्या ‘मेजर्स अँड मायनर्स’ या संग्रहात आहे. कवितेत वंशाचा उल्लेख एकदाही येत नाही, ‘मी’ही येत नाही, सारे काही ‘आम्ही’ बोलतो. त्यामुळे ‘आपण सगळेच मुखवटे घालतो’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो मोह शिक्षिकांनी ठामपणे अडवला. वरिष्ठांसमोर नाराजी लपवणे वेगळे आणि दुःख दिसले तर जगणेच धोक्यात येईल अशा समाजात हसत राहणे वेगळे. दोहोंना एकाच मापाने मोजले तर कवितेतला ‘आम्ही’ पुसला जातो, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

तिसरे सत्र सर्वांत समृद्ध होते. ही रचना ‘राँदो’ या फ्रेंच घाटाची आहे, म्हणजे सगळ्या ओळींत मिळून दोनच यमके आणि आरंभीच्या शब्दांचे ध्रुवपद. इतका आवळलेला घाट हाच कवितेचा मुखवटा आहे, हा विचार वर्गात मांडला गेला आणि तिसऱ्या कडव्यात ईश्वराला घातलेली हाक त्या चौकटीत कशी कोंडली जाते, हे मोठ्याने वाचताना कानाला जाणवले. ध्रुवपद दोनदा येते. मधल्या कडव्यात ते वाक्याचे शेपूट आहे: मुखवटा असेल तेवढ्यापुरतेच जगाने आम्हाला पाहावे. शेवटी तेच शब्द स्वतंत्र वाक्य होतात आणि त्यापुढे उद्गारचिन्ह येते. वर्गाने दिलेल्या मराठी अनुवादात मात्र दोन्ही ठिकाणी पूर्णविरामच छापला होता. ही चूक बारीक नाही, कारण लपण्याची कबुली इथे निर्धारात बदलते आणि तो बदल त्या एका चिन्हात साठवलेला आहे.

एका गोष्टीची उणीव मला जाणवली. ‘पर्सन’ हा शब्द नाटकातल्या मुखवट्याच्या लॅटिन नावावरून आला, तर आपला ‘व्यक्ती’ हा शब्द व्यक्त होण्याशी नाते सांगतो; मराठी वाचकांच्या वर्गात या विरोधावर निदान दहा मिनिटे द्यायला हवी होती.

आता तक्रार. चौथ्या सत्रात प्रत्येकाने आपला ‘मुखवटा’ सर्वांसमोर सांगावा, असे ठरवले गेले. एक सहभागी गप्प राहिल्या, तेव्हा त्यांना पुन्हा विचारण्यात आले, आणि त्या अवघडून हसल्या. आमचे अश्रू आणि उसासे मोजण्याचा शहाणपणा जगाने का करावा, असे विचारणारी कविता तीन सत्रे वाचल्यावर आम्ही नेमके तेच मोजत होतो. आपले दुःख कोणाला दाखवायचे, हे ठरवण्याचा हक्क ही कविता ‘आम्ही’च्या हातात ठेवते, तो हक्क वर्गातल्या माणसालाही असला पाहिजे.

ध्वनिमुद्रणे स्पष्ट आहेत आणि सत्रे वेळेवर सुरू होतात. कविता सावकाश वाचण्याची आवड असलेल्यांनी हा वर्ग जरूर करावा. अनुवादातील उद्गारचिन्ह आणि शेवटचे सत्र या दोन्हींविषयी मी संयोजकांना लिहिले. अनुवाद दुरुस्त करू आणि पुढील तुकडीपासून ते कथन ऐच्छिक ठेवू, असे त्यांनी कळवले आहे.